घरांतील अनध्याय

कर्तव्य आणि सुख यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न हल्लींच्या धकाधकीच्या दिवसांत घरोघर निघतो, आणि त्यावर ठरलेलें उत्तर मिळतें कीं, ‘सवड काढावी.’ हें उत्तर देणाऱ्यांस आमचा उलट प्रश्न आहे : सवड काढावयाची कोठून? मुलगा रात्रीं आठ वाजतां कचेरींतून येतो आणि खिशांतल्या फोनमधून कचेरी त्याच्या मागोमाग घरांत शिरते. सूनबाई बँकेंतील मेज सोडतात त्या थेट ओट्यापाशीं उभ्या राहतात. नातू शाळेंतून शिकवणीस आणि शिकवणींतून पुनः अभ्यासास. अशा घरांत सवड सांपडत नसते. ती नेमून द्यावी लागते. आणि नेमून देण्याची ही विद्या आपल्या पूर्वजांस आपल्यापेक्षां बरी अवगत होती, असें आमचें मत आहे.

अर्थात् पूर्वजांचें सर्वच साधलें होतें असें नाहीं. कौटिल्याचेंच पाहूं. अर्थशास्त्रांत राजाच्या दिवसाचे आठ व रात्रीचे आठ भाग पाडलेले आहेत. म्हणजे एक भाग आपल्या घड्याळाप्रमाणें सुमारें दीड तासाचा. जमाखर्च, प्रजेचीं गाऱ्हाणीं, स्नानभोजन, हेर, सैन्य, सर्वांस आपापली वेळ आहे. झोपेस रात्रीचे दोनच भाग, म्हणजे उणेपुरे तीन तास. (राज्यपदाची ज्यांस हौस असेल त्यांनीं हें प्रकरण अगोदर वाचावें.) याच ग्रंथांत राजानें धर्म व अर्थ यांस बाध न येईल अशा बेतानें सुख भोगावें, सुखावांचून राहूं नये, असेंही स्पष्ट सांगितलें आहे, आणि म्हणूनच कीं काय, दिवसाचा सहावा भाग स्वैरविहारासाठीं राखून ठेवला आहे. परंतु तेथें आचार्यांनीं एक बारीकसा शब्द घातला : स्वैरविहार, ‘अथवा’ मसलत. स्वैरविहार आणि मसलत यांच्यामध्यें ‘अथवा’ आला म्हणजे जिंकतें कोण, हें संसार केलेल्या कोणासही विचारावें. कामें कधीं संपत नाहींत, आणि सुख बिचारें कधीं भांडत नाहीं.

याच्या अगदीं उलट पाठशाळेंतील अनध्यायाची रीत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींस वेदाध्ययन बंद. मेघ गरजले, धुळीचें वादळ उठलें, कोल्हे ओरडूं लागले, गांवांत प्रेत पडलेलें असलें, घरीं शिष्ट पाहुणा आला, तरीही पाठ थांबवावयाचा. मनूनें तर धाकच घातला आहे कीं, अमावास्येचें अध्ययन गुरूचा घात करतें, चतुर्दशीचें शिष्याचा, आणि अष्टमी-पौर्णिमेचें खुद्द विद्येचा. सुंदरकांडांत वाल्मीकींनीं हनुमंताच्या तोंडीं सीतेच्या कृशतेस उपमा घातली आहे ती कशाची? प्रतिपदेच्या दिवशीं पाठ करणाऱ्याच्या क्षीण झालेल्या विद्येची! सुटीच्या दिवशीं अभ्यास केल्यानें विद्या वाळते, हें त्या काळीं इतकें सर्वमान्य होतें कीं कवीला त्याची उपमा करतां आली. आणि या यादींत कोठें ‘अथवा’ नाहीं. कोल्हे ओरडले ‘अथवा’ परीक्षा जवळ आली, तर पाठ चालूं ठेवावा, असें कोणा स्मृतिकारानें लिहिलेलें आमच्या तरी वाचण्यांत नाहीं. आज घरीं पाहुणा आला तर नातू दारांतूनच नमस्कार करतो आणि दप्तर सांवरीत क्लासला पळतो. रविवारींही.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, अशा सुट्या घेत बसलों तर संसार चालेल कसा? त्याचीही सोय त्यांनीं करून ठेवली होती. नित्यकर्माला आणि होमाच्या मंत्रांना अनध्याय नाहीं, असें मनुस्मृतींतच सांगितलें आहे. अमावास्या असो कीं गडगडाट होवो, संध्या सुटत नाहीं. म्हणजे आधीं प्रश्न असा कीं, आपल्या कामांपैकीं नित्य कोणतीं? तान्ह्या मुलास दूध, म्हाताऱ्या माणसास औषध, देवापुढें दिवा, आजाऱ्याची उशापायथ्याची चौकशी. आणखी चारदोन निघतील. परंतु रात्रीं दहा वाजतां आलेल्या कचेरीच्या निरोपास त्याच घटकेस उत्तर देणें, किंवा पितळी भांडीं दर शनिवारीं लखलखीत करणें, यांस आपण कधीं आणि कोणत्या आधारावर नित्यकर्माची पंगत दिली?

सुटी ही नेमलेलीच असावी लागते, हें गिरणगांवानेंही ओळखलें होतें. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांसाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ मध्यें सभा भरवून आठवड्याची सुटी मागितली, आणि १८९० मध्यें गिरणीमालकांनीं रविवार मान्य केला. काम हलकें असेल तेव्हां सोडा, अशी ती मागणी नव्हती. वार ठरवून द्या, अशी होती.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तीकडे वळतों. तो रविवार घरांत आला, पण कोणासाठीं? पुरुष मंडळी उशीरा उठणार, चहा दोनदां होणार, जेवणांत कांहीं गोडधोड हवें, आणि सुटी म्हणून चार पाहुणेही यावयाचे. घरांतील एकाचा रविवार म्हणजे दुसरीचा दुप्पट सोमवार. नागपंचमीस चिरूं नये, तळूं नये, तवा ठेवूं नये, अशी पुष्कळ घरांतून चाल आहे. विळीला आणि तव्याला सुटी म्हणजे त्या हातांस सुटी. मग झोके, फुगड्या. कल्पना मोठी सुंदर. पण त्याच दिवशीं पुरणाचे दिंड उकडून पानांत पाहिजेत! पुरण वाटणाऱ्या हातांस त्या सुटीचें काय वाटलें असेल, हें विचारण्याचें आम्हां शास्त्र जाणणाऱ्यांस सुचलें नाहीं. पाठशाळेंत नसलेला ‘अथवा’ स्वयंपाकघरांत आम्हींच नेऊन ठेवला.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील थोरल्या सूनबाई माहेरीं गाणें शिकलेल्या. लग्नांत तंबोरा बरोबर आला, आणि पुढें सतरा वर्षें तो गवसणींत गुंडाळून माळ्यावर राहिला. माणसें चांगलीं. सासरेबुवा आम्हांस अभिमानानें सांगत, ‘‘गुरुजी, आमच्याकडे तिला गाऊं नको असें कोणीं कधीं म्हटलें नाहीं.’’ तें अक्षरशः खरें होतें. नको असें कोणीं म्हटलें नव्हतें. केव्हां, हेंही कोणीं सांगितलें नव्हतें. शेवटीं सासूबाईंनींच एके दिवशीं जेवतांना ठरवून टाकलें कीं, गुरुवारीं सायंकाळीं सात ते आठ थोरलीला कोणीं हांक मारावयाची नाहीं. ‘‘माझें औषध मुलगा देईल, आणि पानें वाढायला बाकीचे आहेत,’’ असेंही सांगितलें.

पहिले दोनतीन गुरुवार सूनबाईंचें चित्त तारांपेक्षां कुकरच्या शिट्ट्यांकडेच अधिक. धाकट्या दिरानें पोळ्या केल्या. त्यांवरून भूगोलाच्या मास्तरांस सातही खंडें शिकवितां आलीं असतीं. मुलांनीं निमूटपणें खाल्ल्या. पुढें पोळ्या गोल होत गेल्या आणि तंबोरा स्वरांत लागूं लागला. वरचा षड्ज अद्याप मनासारखा लागत नाहीं, असें त्या स्वतःच सांगतात. सतरा वर्षांची धूळ एवढ्यांत झडत नाहीं. मागच्या महिन्यांत मुंबईचे कोणी नातलग गुरुवारीं संध्याकाळीं जेवावयास येऊं म्हणत होते. सासरेबुवांनीं स्वतः फोन घेतला आणि शुक्रवारीं या म्हणून सांगितलें.