कोऱ्या पानांचा पंचनामा

पाठ्यपुस्तकांतली कोरी पाने आली तशी गेली. ८ मार्च २०२३च्या शासन निर्णयाने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वहीची पाने घातली आणि पुस्तकांचे चार भाग केले. २८ जानेवारी २०२५च्या निर्णयाने ती पाने काढून टाकली. मुले पानांचा अपेक्षित वापर करत नाहीत, वेगळ्या वह्या आणतातच, दप्तर काही हलके होत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि दोन शैक्षणिक वर्षांत प्रयोग गुंडाळला गेला. त्यावर जी चर्चा झाली ती दप्तराचे वजन, कागदाचा खर्च आणि लिहिलेली पुस्तके धाकट्या भावंडाला वापरता न येणे, एवढ्याभोवतीच फिरली. तिन्ही मुद्दे रास्त होते. परंतु त्या पानाच्या माथ्यावर ‘माझी नोंद’ असे दोन शब्द छापलेले होते. त्या दोन शब्दांचे वर्गात काय झाले, याचा पंचनामा ना मंत्रालयाने केला ना शिक्षकांनी.

ज्यांनी ती पुस्तके वर्षभर हाताळली त्यांना पानांवर काय होते हे सांगायला नको. बरीच पाने कोरीच राहिली. काहींवर शब्दार्थ, काहींवर स्वाध्यायाची उत्तरे. आणि जिथे खरोखर नोंद होती तिथे ती बहुधा अख्ख्या वर्गाची एकच होती: फळ्यावरची पाच वाक्ये, चाळीस हस्ताक्षरांत. ‘माझी’ हा शब्द तिथे उगाच अडकून पडला होता.

यात मुलांचा काय दोष? पुस्तकावर रेघ ओढली म्हणून ज्यांच्या आईवडिलांनी मार खाल्ला, त्या घरातल्या मुलाच्या हाती अचानक लिहिण्यासाठीच छापलेले पान आले. तिथे काय लिहायचे, चुकले तर चालेल का, बाई तपासणार का, हे त्याला कोण सांगणार? अपेक्षा काय, तर शिकताना महत्त्वाचे वाटेल ते टिपून ठेवावे. पण टिपणे निराळे आणि पाठ संपल्यावर आपल्याला काय कळले, काय निसटले याचा ठाव घेणे निराळे. टिपण शिक्षकांच्या बोलण्याचे असते. ठाव स्वतःच्या डोक्याचा घ्यायचा असतो. पहिले काम मुले मुकाट करतात. दुसरे त्यांना शिकवावे लागते, आणि आपल्या शाळांत ते शिकवले जात नाही.

उदाहरण सातवीच्या भूगोलाचे घेऊ. ऋतुनिर्मितीचा पाठ आहे. शिक्षक पृथ्वीगोल आणतात, कललेला आस दाखवतात, पेटत्या बल्बभोवती गोल फिरवतात. तासिका रंगते. ‘समजलं का?’ म्हटले की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. ‘आज काय शिकलात ते लिहा’ म्हटले की कागदावर येते, ‘आज आम्ही ऋतू शिकलो. पाठ खूप आवडला.’ आता प्रश्न बदलून पाहावा आणि उत्तर चिठ्ठीवर मागावे. उन्हाळा का होतो असे तास सुरू होण्यापूर्वी वाटत होते? आता काय वाटते? पटत नसेल तर नेमके कुठे अडते? मग कित्येक चिठ्ठ्यांवर दिसते की पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा, हे मत जागचे हललेलेच नाही. बल्ब पाहून नाही, गोल पाहून नाही. तासाला मजा आली, आस कलला, आणि मूल जिथे होते तिथेच राहिले.

वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्याकडच्या ऐन थंडीत: सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर असते. ‘जवळ म्हणजे उन्हाळा’ या कल्पनेला हादरा देणारे हे दोन आकडे शिक्षकाला ठाऊक असतातच. पण ते कधी काढायचे, हे चिठ्ठी वाचल्याशिवाय कळत नाही. चिठ्ठी वाचली तर दुसऱ्या दिवशीची पहिली पाच मिनिटे कशी वापरायची याचा निर्णय आपोआप होतो.

हा गैरसमज सातवीपुरता आहे असे कोणी समजू नये. १९८७ सालच्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदानाच्या दिवशी २३ विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांना ऋतू किंवा चंद्राच्या कला समजावून सांगायला सांगितले होते. २१ जणांच्या उत्तरांत गैरसमज निघाले. ही मंडळी शाळेत नापास झालेली नव्हती. मनातली जुनी कल्पना बाहेर काढून नव्या माहितीशेजारी ठेवायला कोणी सांगितले नाही, तर ती उच्च शिक्षणातही तशीच टिकते.

बी.एड., डी.एड.च्या पाठ टाचणात ‘संकलन’ ही पायरी सगळ्यांनी लिहिलेली आहे. प्रत्यक्षात ते संकलन शिक्षकच करतात. शेवटच्या दोन मिनिटांत फळ्यावरचे मुद्दे मोठ्याने वाचले जातात आणि वर्ग त्यांना दुजोरा देतो. यातून मुलाच्या लक्षात राहते असे ज्यांना वाटते त्यांनी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६चा प्रयोग नजरेखालून घालावा. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे. आणि आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा कोणाला अधिक होता? वाचणाऱ्यांना. एका सुरात ‘हो’ म्हणणारा वर्ग याच भरवशावर घरी जातो, आणि शिक्षकही.

आता कागदपत्रांकडे वळू. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१०चा. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनतंत्रांत स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन तेव्हापासून आहे. कुठे? आठव्या क्रमांकावर, ‘इतर’ या खान्यात, प्रश्नावली आणि गटकार्याच्या सोबतीने. मुलाने स्वतःच्या शिकण्याकडे पाहणे हे आपल्या व्यवस्थेत इतकी वर्षे ‘इतर’ आहे, आणि त्या खान्यातले गुण कसे पडतात हे शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एकूण बेरीज आधी ठरते, मग ती आठ ठिकाणी वाटली जाते.

वर्णनात्मक नोंदींची कहाणी याहून केविलवाणी. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक: तीन रकाने. प्रत्येक मुलाचे निरीक्षण करून चार ओळी लिहाव्यात हा हेतू चांगलाच होता. बाजाराने तो लवकरच निकालात काढला. तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग त्यांच्या पीडीएफ आल्या, आणि आता त्या व्हॉट्सॲपवर मार्चअखेरीस घिरट्या घालतात. गडचिरोलीतल्या मुलाचा आणि दापोलीतल्या मुलीचा छंद शब्दशः एकच निघतो. ज्या अधिकाऱ्यांनी त्या तपासल्या त्यांनी रकाने भरले आहेत की नाहीत एवढेच पाहिले, आणि तेवढेच पाहणार हे लिहिणाऱ्यांनाही पक्के ठाऊक होते. दोन्ही बाजूंनी एकमेकांना सांभाळून घेतले. मूल त्यात कुठेच नव्हते.

हे उगाळण्याचे कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली, त्यात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनाला शिक्षकाच्या मूल्यमापनाशेजारी जागा दिली. त्यासाठी ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने नमुने तयार केले. मुलाने स्वतःबद्दल भरायची पाने त्यांत आहेत. कागदावर हे सारे ठीक आहे. पण ‘इतर’ खान्याचे आणि तयार नोंदींचे जे झाले तेच या पानांचे होणार नाही, अशी खात्री कोणाला आहे? सत्र संपत आले की मुलाची पाने शिक्षक भरतील, शिक्षकाची पाने पीडीएफ भरेल, आणि तपासणारे सही करतील.

त्याची चुणूक या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांतून दिसू लागली आहे. पाठानंतरचे चिंतन नावाचा उपक्रम केंद्राच्या शिक्षण परिषदेत सांगितला जातो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी गटावर सूचना येते: उपक्रमाचे फोटो पाठवा, लिंक भरा, किती मुलांनी चिंतन केले ती संख्या कळवा. किती मुलांनी चिंतन केले! पटसंख्येइतकेच चिंतन झाले असे कळवण्यावाचून मुख्याध्यापकाला दुसरा मार्ग उरत नाही. आधीच चाचण्यांचे गुण चॅटबॉटवर आणि यू-डायसची माहिती संकेतस्थळावर भरणाऱ्या शिक्षकाने आता मुलांच्या विचार करण्याचेही छायाचित्र काढायचे. छायाचित्रासाठी वह्या नीटनेटक्या हव्यात. नीटनेटक्या वह्यांसाठी फळ्यावर नमुना लिहून द्यावा लागतो. तो लिहून दिला की पुन्हा चाळीस हस्ताक्षरांत तीच पाच वाक्ये.

अधिकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की या एका गोष्टीचा पुरावा मागू नका. मूल ‘मला अजून कळले नाही’ असे ज्या कागदावर लिहिते तो कागद वरच्या कार्यालयात जाणार असेल तर ते तसे कधीच लिहिणार नाही. त्याचे शिक्षकही त्याला लिहू देणार नाहीत. तपासायचेच असेल तर वर्गात येऊन बसा आणि शिक्षकांना विचारा, ‘काल मुलांनी जे लिहिले त्यामुळे आज शिकवण्यात काय बदलले?’ उत्तर मिळाले तर उपक्रम चालू आहे. नाही मिळाले तर नाही.

शिक्षकांचीही सुटका नाही. वेळ नाही, ही सबब पूर्ण खोटी नाही. ३५ मिनिटांची तासिका, त्यात हजेरी, गृहपाठ, वर्गात साठ मुले. द्विशिक्षकी शाळेत तर एकाच वेळी दोन-तीन इयत्ता. तरीही हा प्रकार रोज, प्रत्येक विषयाला, प्रत्येक मुलाच्या वहीत करायचा आहे असे कोणी म्हटले? आठवड्यातून एका विषयाचा एक पाठ घ्यावा. शेवटची पाच मिनिटे राखावीत. पाठकोऱ्या कागदाचा चतकोर तुकडा द्यावा. पुस्तक मिटायला लावावे. आणि एकच प्रश्न विचारावा, पाठाला नेमका भिडणारा. दशांश अपूर्णांकांचा पाठ असेल तर ‘०.४५ मोठा की ०.५, आणि का?’ हा प्रश्न ‘आज काय शिकलास?’ या प्रश्नापेक्षा मुलाला कितीतरी खोल नेतो. ज्याला ४५ हे ५पेक्षा मोठे म्हणून ०.४५ मोठा वाटतो त्याचे डोके त्या चतकोरावर उघडे पडते.

हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर व्याख्यानाच्या शेवटच्या मिनिटांत विद्यार्थ्यांना विचारत की आज सर्वांत महत्त्वाचे काय होते आणि सर्वांत धूसर काय राहिले. त्यांनी त्यावर १९८९मध्ये लेखही लिहिला. आपल्याकडेही ही वाट नवी नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलाचा अनुभव आणि त्याचे स्वतःचे बोलणे-लिहिणे हाच शिकण्याचा पाया मानला गेला. पहिली-दुसरीत लिहिण्याचा हट्ट नको, शेजारच्याला सांगू द्यावे आणि शिक्षकांनी ऐकत फिरावे. मूल घरी गोंडी, भिली किंवा कोरकू बोलत असेल तर त्याने पहिल्यांदा त्याच भाषेत सांगावे.

साठ चिठ्ठ्या वाचायला रात्र लागत नाही. तीन ढीग करावेत: कळलेले, अर्धवट कळलेले, भलतेच कळलेले. तिसऱ्या ढिगातल्या दोन चिठ्ठ्या नाव न घेता दुसऱ्या दिवशी वर्गासमोर वाचाव्यात आणि तिथून सुरुवात करावी. लाल पेन खिशातच ठेवावे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत, गुण दिलेत, ‘छान!’ असा शेरा मारलात की पुढच्या आठवड्यापासून मुले बाईंना आवडेल तेच लिहू लागतात. सुरुवातीचे काही आठवडे चिठ्ठ्यांवर ‘सगळं समजलं’ हेच येणार. त्याला कंटाळून ज्यांनी हा नाद सोडला त्यांची संख्या मोठी आहे. खरे लिहिले तर काही बिघडत नाही, उलट दुसऱ्या दिवशी आपल्या अडचणीपासून तास सुरू होतो, हे मुलांनी पाहिल्याशिवाय त्यांनी विश्वास तरी का ठेवावा?

मुख्याध्यापकांनी आपल्या अधिकारात एक करावे: या चिठ्ठ्यांसाठी नोंदवही सुरू करू नये. कोणी मागितली तर नाही म्हणावे.

पुढच्या अंकासाठी वाचकांनी एका वर्गाच्या एका पाठाच्या चिठ्ठ्या मासिकाकडे पाठवाव्यात. मुलांची नावे झाकावीत, शुद्धलेखन मुळीच सुधारू नये. सोबत दुसऱ्या दिवशी शिकवण्यात काय बदलले ते चार ओळींत लिहावे. काही बदलले नसेल तर तेही लिहावे. निवडक चिठ्ठ्या आहेत तशाच छापल्या जातील.