सावलीला बॅकअप म्हणू नका

‘स्टँडबाय आहे ना, मग बॅकअप हवाय कशाला?’ मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सरकतं. बोलणारे साहेब ‘आपत्ती-निवारण धोरणा’ची जाडजूड फाइल काखेत मारून बसलेले असतात. ती फाइल त्यांनी स्वतः तरी वाचलीय का?

अहो, स्टँडबाय ही मुख्य डेटाबेस सर्व्हरची सावली. सर्व्हर जळाला तर ती तुम्हाला तारेल. पण कुणी ‘व्हेअर’ न लावता ‘डिलीट’ मारलं, तर पुढच्या क्षणाला सावलीवरचंही टेबल रिकामं! माणसाची चूक ती इमानेइतबारे गिरवते.

गिटलॅब या कंपनीचं उदाहरण घ्या. 31 जानेवारी 2017. स्टँडबाय मागे पडला. त्याला हवे असलेले वॉल सेगमेंट (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींच्या फाइली) मुख्य सर्व्हरने केव्हाच पुसले होते, आणि वॉल आर्काइव्हिंग लावलेलंच नव्हतं. इंजिनिअर रात्री स्टँडबाय नव्याने उभा करायला बसला आणि डेटा डिरेक्टरी उडवली ती मुख्य सर्व्हरवरची. हात आवरेपर्यंत 300 जीबीतले साडेचार उरले.

मग आठवले बॅकअप. डेटाबेस पोस्टग्रेस 9.6, डंप घेणारं टूल 9.2 चं, म्हणून डंप मुकाट फेल होत होता. फेल झाल्याच्या मेल निघायच्या, पण समोरचा मेल-सर्व्हर त्या नाकारायचा. डंप जिथे साठवायचे ते एस-थ्रीचं बकेट रिकामं. डेटाबेस सर्व्हरचे डिस्क स्नॅपशॉट चालूच केलेले नव्हते. शेवटी तारलं ते टेस्टिंगसाठी हाताने घेतलेल्या, सहा तास जुन्या स्नॅपशॉटने. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं जगापुढे मांडलं, त्या धैर्याला माझा सलाम. आपल्याकडे असं घडलं की रात्रपाळीच्या पोराला मेमो देतात आणि फाइल बंद करतात. शरम वाटायला हवी!

स्टँडबाय जरूर ठेवा. शक्य असेल तर एक मुद्दाम काही तास मागे चालणारा ठेवा. पोस्टग्रेसमध्ये ‘रिकव्हरी मिन अप्लाय डिले’ त्यासाठीच आहे. बेस बॅकअप आणि वॉल आर्काइव्ह दुसऱ्या जागी साठवा, म्हणजे चुकीच्या आधीच्या मिनिटापर्यंत परतता येईल. आणि दर महिन्याला कोऱ्या मशीनवर बॅकअप चढवा, टेबलातल्या ओळी मोजा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

उद्या ऑफिसात एवढंच विचारा: शेवटचा रिस्टोर कोणत्या तारखेला केला? तारीख सांगता आली नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही.