घर नियमित झालं, मग पट्टा कुठे अडतो?

घरपट्टीची पावती आहे, विजेचं मीटर आहे, मतदार यादीत नावही आहे. तरीही पातूरसारख्या लहान नगरपरिषदेच्या हद्दीत सरकारी जागेवर राहणारं कुटुंब त्या जागेचं कायदेशीर धारक ठरत नाही. यातला कोणताही कागद जमिनीचा हक्क देत नाही. त्यासाठी पट्टाच लागतो.

राज्य सरकारने 2018 मध्ये 'सर्वांसाठी घरे' धोरणाखाली 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. पण हा निर्णय आणि हातात पडणारा पट्टा यांच्यामध्ये रहिवाशांचं सर्वेक्षण, भूमी अभिलेख विभागाची मोजणी, आराखडा आणि मंजुरी असे टप्पे आहेत. एक अडला की अख्ख्या वस्तीची फाइल थांबते.

जमिनीचा प्रकारही महत्त्वाचा. वऱ्हाडात गुरचरणाच्या सरकारी जमिनीला 'ई-क्लास' म्हणतात. 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. तेव्हापासून अशा जागेवर पट्टा मिळणं आणखी कठीण झालं.

याची किंमत रुपयांत मोजता येते. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे 1.5 लाख आणि राज्याचे 1 लाख रुपये ठरले. त्यासाठीची एक महत्त्वाची अट म्हणजे जागेचा हक्क सिद्ध करणारा कागद. म्हणजे कच्च्या घरात राहणाराच घरकुलाच्या यादीबाहेर राहतो.

त्यामुळे 'पट्टा कधी मिळणार?' याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: जागेची नोंद कोणत्या प्रकारात आहे आणि मोजणी झाली आहे का?