हीटर मधूनच गार पडतोय? पार्ट नंतर, आधी पाणी बघा



आज बागेचं नाही, गाडीचं लिहितोय. निफाड पट्ट्यात थंडीची लाट आली की पारा ५-६ अंशांवर येतो. पहाटे मार्केटला निघालं की काचेवर आतून वाफ धरते, पुढचं काही दिसत नाही. त्या वेळी हीटर लागतोच. आणि याच दिवसांत प्रश्न सुरू होतात, "भाऊ, हीटर मधूनच गरम, मधूनच गार फेकतोय. काय बदलू?"

माझं म्हणणं, काहीच बदलू नका. आधी पाणी बघा.

हीटर हे काही वेगळं यंत्र नाही. इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा मारतो. बस्स. पाणी कमी झालं की तिथं हवा धरते. चढावर एअर व्हॉल्व्ह नसला की आपली पाइपलाइन धरते ना, अगदी तशीच. रेस दिली की पंप पाणी जोरात ढकलतो, गरम हवा येते. गाडी उभी राहिली की पुन्हा गार. हे लक्षण दिसलं की बहुतेक वेळा पाणीच उतरलेलं असतं.

आणि पाणी उगाच उतरत नाही. कुठंतरी होज पाझरतोय, वॉटर पंप गळतोय, नाहीतर हेड गॅस्केट गेलंय. म्हणून मी म्हणतो, हीटरचं दुखणं थंडीपुरतं समजू नका. पाणी फार कमी झालं तर टेंपरेचरचा काटासुद्धा खोटं बोलतो, कारण सेन्सर पाण्यात बुडालेलाच नसतो. मग इंजिन धरलं की ऐन सीझनात गाडी उभी, आणि खर्च किती ते सांगायला नको.

आमच्या शिवारातल्या एकाला गॅरेजवाल्यानं डॅशबोर्ड खोलून अख्खा हीटर कोर बदलायला लावला. आठ दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. निघालं काय, तर क्लॅम्पपाशी होज पाझरत होता. गरम इंजिनावर थेंब जागीच वाळायचा, म्हणून खाली डाग दिसत नव्हता. पाणी रोज किती उतरतं हे कुणी बघितलंच नाही. डॉक्टरनं नाडी न बघता ऑपरेशन करावं, तसला प्रकार.

पाणी बघायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजेल, हे पोरांनाही सांगून ठेवा.

पाणी बरोबर असेल तर पुढं. उभ्या गाडीत गरम पण रस्त्यावर गार, आणि काटा वर चढतच नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. हीटरला जाणाऱ्या दोन नळ्या हात लावून बघा (पंख्यापासून लांब राहून). एक गरम, एक गार असेल तर कोर चोंदलाय. हवाच येत-जात असेल तर फ्यूज, पंख्याची मोटर, वायरिंग. डॅशबोर्डमागं टकटक वाजत असेल तर फ्लॅपचं काम.

कोर चोंदण्यात आपलाही हात असतो बरं का. बोअरचं पाणी ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा क्षार धरतं हे आपण रोज बघतो, आणि तेच पाणी गाडीत ओततो! हीटर कोरच्या नळ्या तर त्याहून नाजूक. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं टाका. महाग वाटतं, पण ड्रिपरसारखं ॲसिड सोडून इंजिन साफ करता येत नाही.

एक राहिलं. कूलंट गोडसर लागतं आणि विषारी असतं. सांडलेलं कुत्रं चाटतं, वासरू चाटतं. डबा गोठ्यापासून लांब ठेवा.