'विस्मृत वीर' हा सोयीचा शब्द

१/ विमी रिजवर, एप्रिल १९१७ मध्ये, कॅनडाच्या चारही डिव्हिजन प्रथमच एकत्र लढल्या. ३,५९८ सैनिक मृत्युमुखी पडले. तिथेच 'कॅनडा हे राष्ट्र जन्मले', असे सांगतात. त्या राष्ट्रात आदिवासी सैनिकांचे स्थान कोणते, असे विचारले की ठरावीक उत्तर येते: ते 'विस्मृत वीर'. हे उत्तर दिशाभूल करणारे आहे. #थ्रेड

२/ शासन त्यांना विसरले नव्हते; कायद्याने बांधून ठेवत होते. इंडियन अ‍ॅक्टखाली नोंदलेले (येथे 'इंडियन' म्हणजे तेथील आदिवासी, भारतीय नव्हेत) चार हजारांहून अधिक पुरुष पहिल्या महायुद्धात भरती झाले.

३/ त्यांतला एक ओजिब्वे समाजातील फ्रान्सिस पेगामागाबो. ऑगस्ट १९१४ मध्येच भरती, ईप्रपासून पाशेनडेलपर्यंत लढाया, मिलिटरी मेडल आणि त्यावर दोन बार. हा मान चाळिसाहून कमी कॅनेडियन सैनिकांना लाभला. (३७८ शत्रू टिपल्याचा आकडा सर्वत्र फिरतो. त्याला पुरावा तोकडा आहे, आणि त्याची गरजही नाही.)

४/ हाच मनुष्य पुढे आपल्या समूहाचा प्रमुख झाला. १९३३ मध्ये फर्मान निघाले: प्रमुखांनी ओटावाशी थेट पत्रव्यवहार करू नये, सारे काही स्थानिक सरकारी एजंटामार्फत. मग तक्रार त्या एजंटाविरुद्धच का असेना! जमिनीच्या दाव्यांसाठी परवानगीवाचून पैसा उभारणे तर १९२७ पासून १९५१ पर्यंत गुन्हाच होता.

५/ आणि जमीन? पहिल्या युद्धानंतर सैनिकांना वसवण्यासाठी प्रेअरी प्रांतांतील आदिवासींच्या राखीव क्षेत्रांतूनच सुमारे ८५,००० एकर काढून घेतले. दुसऱ्या युद्धानंतर इतरांना ६,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळू शके. राखीव क्षेत्रात परतणाऱ्याला फार तर २,३२० डॉलरचे अनुदान, आणि त्याच्या खर्चावर खात्याचा ताबा.

६/ टॉमी प्रिन्सने १९४४ मध्ये आन्झिओजवळ शेतकऱ्याच्या वेशात, शत्रूच्या नजरेसमोर तुटलेली टेलिफोनची तार जोडली. राजाच्या हस्ते पदके मिळाली. पुढे दारिद्र्यात ती विकावी लागली.

७/ 'काळच तसा होता' हा युक्तिवादही टिकत नाही. १९१७ मध्ये गणवेशातल्या आदिवासीला मतदान करू दिले गेले, म्हणजे ते शक्य होते. त्याच्या आप्तांना मात्र 'इंडियन' दर्जा न सोडता मत देण्यासाठी १९६० उजाडावे लागले.

८/ २००२ मध्ये सरकारने हयात आदिवासी माजी सैनिकांना किंवा त्यांच्या हयात जोडीदारांना प्रत्येकी २०,००० डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. तोवर प्रिन्सला जाऊन २५ वर्षे झाली होती, पेगामागाबोला ५०.