एकाच मापाने दोन गावे
‘मालेगावचा कारागीर संथ, इचलकरंजीचा चपळ,’ असे आपल्या पेढ्यांवर सहज बोलले जाते. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली यंत्रमाग आणला. आज तेथे साध्या मागांच्या जोडीला धोट्याविना चालणारे वेगवान मागही आहेत. मालेगावात बहुतांश साधे मागच. साध्या मागावर मिनिटाला सुमारे १५० वेळा आडवा धागा पडतो, एअरजेटवर ६०० हून अधिक वेळा. मग कापडाचे मीटर मोजून माणसे कशी तोलावीत? (साध्या मागावर डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते, ते वेगळेच.) शिवाय हलक्या प्रतीचे सूत वारंवार तुटते, माग थांबतो, मजुरी विणलेल्या कापडावर, म्हणून तो वेळ कारागिराच्या पदरी विनामोबदला जातो. आणि वाचकहो, जॉबवर्कचे सूत पुष्कळदा आपण व्यापारीच पुरवितो.