बाईची फेरी कोण मोजतं?

शहरातली बस कुठून कुठे जावी, किती वाजता सुटावी, हे ठरवण्यासाठी आता सल्लागार कंपनी नेमली जाते. ती घरोघरी प्रश्नावली भरून घेते, चौकाचौकांत वाहनं मोजते, आकडे संगणकात घालते आणि जाडजूड अहवाल महापालिकेला देते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानंतर हे काम वाढलं. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर मेट्रो मागणाऱ्या शहराला आधी सर्वंकष वाहतूक आराखडा करणं सक्तीचं केलं. एकदा अहवाल आला की ‘आकडेच असं सांगतात’ म्हणून चर्चा मिटवली जाते. म्हणून हे आकडे कोणाला काय विचारून जमवले, याची चौकशी स्त्री-संघटनांनी करायला हवी, असं मला वाटतं.

मी प्रकाशाला राहून काम करते. तापी-गोमाईच्या संगमावरचं, शहादा तालुक्यातलं हे गाव. इथे शहर बससेवा नाही, मग आमचा या विषयाशी काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध आहे. बाजार, कॉलेज, दवाखाना, कोर्ट यांसाठी इथल्या बायका शहाद्याला, नंदुरबारला जातात. जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं कामाला गुजरातेत जातात. शहराचा आराखडा होतो तेव्हा शहरात राहणाऱ्यांच्या घरी प्रश्नावली जाते. बाहेरून येणाऱ्यांची मोजणी वेशीवर, रस्त्यात गाडी थांबवून होते. तिथे प्रश्न विचारतात ड्रायव्हरला. मागे दाटीवाटीने बसलेल्या बायकांना कोण विचारणार?

शहरातल्या बाईची तरी नोंद नीट होते का? समाजकार्याच्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धतीचा पेपर असतो. प्रश्न ज्या माणसाला समोर ठेवून तयार केला, त्याचंच आयुष्य उत्तरात उतरतं, हा त्यातला पहिला धडा. वाहतुकीच्या प्रश्नावलीसमोर बहुधा सकाळी डबा घेऊन कामावर जाणारा आणि संध्याकाळी परतणारा पुरुष असतो. दोन फेऱ्या, एकच कारण. आता धुणीभांडी करणाऱ्या बाईचा दिवस पाहा. मुलाला बालवाडीत सोडायचं, दोन घरची कामं करायची, वाटेत रेशनच्या दुकानात थांबायचं, दुपारी मुलाला घरी आणायचं, संध्याकाळी सासूला दवाखान्यात न्यायचं. तुकड्यातुकड्यांच्या, बहुतेक पायी केलेल्या या फेऱ्या, बऱ्याचशा भर दुपारच्या. घरी आलेल्या माणसाला उत्तर देतो घरातला कर्ता. ‘बायको घरीच असते’, असं तो सहज सांगून टाकतो. जवळचं पायी चालणं तर अनेकदा फेरी म्हणून धरतच नाहीत.

सरकारी आकडेवारीतही तेच. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं अंतर आणि साधन विचारलं गेलं. पण त्याचं कोष्टक निघालं ते ‘इतर कामगार’ या वर्गापुरतं. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे त्यातून वगळलेले. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या बहुतेक कष्टकरी बायका त्यात नाहीत. आणि पगाराचं काम नसलेली गृहिणी तर कुठेच नाही.

दिवसाचे चोवीस तास कसे जातात याची पाहणी १९९८-९९ मध्ये देशात प्रथम सहा राज्यांत झाली. महाराष्ट्र त्यात नव्हता. २०१९ मध्ये ती देशभर झाली. तिच्या आकड्यांवरून अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असा, की शहरी भारतात त्या दिवशी घराबाहेर एकदा तरी पडलेले पुरुष शंभरात ८७ होते आणि बायका फक्त ४७. नियोजनकार हा आकडा कसा वाचणार? आजच्या फेऱ्यांवरून उद्याची गरज काढायची, ही त्यांच्या हिशेबाची रीत. बाई बाहेर पडत नाही, म्हणजे तिला बसची गरज कमी, असा निष्कर्ष त्यातून निघतो. बस नाही, अंधारात थांब्यावर उभं राहवत नाही, भाड्याला पैसे नाहीत, घरचे पाठवत नाहीत, म्हणून ती घरी राहिली, हे या हिशेबात येतच नाही. न झालेल्या फेरीला त्यात रकाना नसतो.

आपल्यासाठी काहीच केलं गेलं नाही, असं नाही. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर लेडीज स्पेशल धावली. २०१८ मध्ये पुण्यात ‘तेजस्विनी’ बस सुरू झाल्या. त्यांचा उपयोगही झाला. पण वेगळी गाडी किंवा कॅमेरा दिला की बायकांचा प्रश्न सुटला, असं धरून चालतात. मूळ मार्ग आणि वेळापत्रक डबेवाल्या पुरुषाच्याच सोयीचं राहतं.

या सगळ्यात एक मोठी संधी मात्र आपल्या हाती आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. सवलतीचा परतावा सरकारकडून घ्यायचा, म्हणून या तिकिटांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. बाई कुठे चढली, कुठपर्यंतचं तिकीट घेतलं, किती वाजता, हे कंडक्टरच्या मशीनमध्ये नोंदलं जातं. दिल्लीत २०१९ पासून दिलेल्या गुलाबी तिकिटांतूनही बायकांचा असा वेगळा आकडा मिळू लागला. हे आकडे आगारवार, वेळेवार जाहीर झाले पाहिजेत. अर्थात, बस आली नाही म्हणून काळी-पिवळीत बसलेल्या बाईचं, किंवा वाट पाहून घरी परतलेल्या मुलीचं तिकीट कुठेच फाटत नाही. तेवढी मोजणी आपल्यालाच करावी लागेल.

तेव्हा आपापल्या गटांनी काही गोष्टी कराव्यात. तुमच्या शहरात आराखड्याचं काम निघालं, तर सल्लागाराची कार्यकक्षा आणि प्रश्नावली माहिती अधिकारात मागा, आणि सर्वेक्षण व्हायच्या आधी मागा. घरातल्या बाईला वेगळं आणि शक्यतो बाईनेच विचारावं, पायी फेऱ्या धराव्यात, मुलं-आजारी-म्हातारी यांच्यासाठीच्या फेऱ्यांचं कारण वेगळं लिहावं, असा आग्रह धरा. ‘गेल्या आठवड्यात जायचं होतं पण जाता आलं नाही, असं कुठे? का?’ हा एक प्रश्न त्यात घालायलाच लावा. यासाठी वेळ आणि पैसा जास्त लागेल, असं उत्तर मिळेल. ज्या आराखड्यावर पुढे कोट्यवधी रुपये खर्च होणार, त्यात चार प्रश्न वाढवणं परवडत नाही, हे पटण्यासारखं नाही.

नंदुरबार शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १ लाख ११ हजार होती. एवढ्या गावासाठी मोठी कंपनी लवकर येणार नाही. मग वाट कशाला पाहायची? बचत गटातल्या दोघी-तिघींनी आठवडाभर आळीपाळीने थांब्यावर बसावं. किती बायका आल्या, कुठे निघाल्या, किती वेळ थांबल्या, कशात बसून गेल्या, किती परतल्या, हे वहीत लिहावं. कागदावर नाव नसलं की हक्क सांगता येत नाही, हे १९७२ नंतर शहादा तालुक्यात झालेल्या जमिनीच्या लढ्याने इथल्या आदिवासी बायकांना चांगलं माहीत आहे. आठवड्याची ती वही घेऊन आगार व्यवस्थापकाकडे जावं आणि अमुक वाजताची गाडी मागावी. तुमच्या वहीत काय निघालं, ते आम्हाला जरूर कळवा.